विहिरीला प्रदक्षिणा



दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरी आई-वडील येतात. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग शनिवार-रविवारच्या सहली सुरू होतात. मोहरचे कडे होतात, जायंट्स कॉजवे होतो, किलार्नी होते. बसमधून उतरायचे, फोटो काढायचे, जॅकेटची चेन वर ओढायची आणि परत बसायचे. महिनाभराने एखादे आजोबा मला हळूच म्हणतात, "सर, देश फार सुंदर आहे हो, पण कुठे जाऊन आल्यासारखं वाटत नाही." त्यांना काय म्हणायचे आहे ते मला समजते. आपण पंढरपूरला 'जाऊन येतो' आणि महाबळेश्वर 'पाहून येतो'. त्यांचे आयर्लंड पाहून झाले आहे, जाऊन झालेले नाही.

या वर्षीच्या सदरात मला त्या आजोबांना उत्तर द्यायचे आहे. त्यांच्या नातवंडांनाही द्यायचे आहे, कारण तीही इथे जन्मून, वाढून, इथल्या डोंगराकडे कधी कधी पाहुण्यासारखीच बघतात. आयुष्यभर भाषाशास्त्र शिकवले, त्यामुळे माझे उत्तर एका शब्दापासून सुरू होणार. त्याला इलाज नाही.

तो शब्द आहे 'प्रदक्षिणा'. त्यातला 'दक्षिण' म्हणजे उजवा, आणि दक्षिण म्हणजे ती दिशासुद्धा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे? सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात आपोआप दक्षिणेला येतो. 'पूर्व' म्हणजे पुढचे आणि 'पश्चिम' म्हणजे मागचे, तेही याच उभे राहण्यामुळे. आता आयरिश भाषा पाहा. तिच्यात 'द्यास' या शब्दाचा अर्थ उजवा, आणि दक्षिण दिशाही तोच शब्द दाखवतो. पश्चिमेसाठी जो शब्द आहे त्याचे नाते 'मागे' या अर्थाशी आहे. म्हणजे या बेटावर ती भाषा आणणारे लोकही सूर्याकडे तोंड करूनच दिशा ठरवत होते. 'द्यास' आणि 'दक्षिण' हे योगायोगाने सारखे वाटणारे शब्द नव्हेत. ते एकाच मुळापासून फुटलेले सख्खे चुलत भाऊ आहेत.

'द्यास'पासून 'देशल' असा शब्द झाला. त्याचा अर्थ, एखादी वस्तू उजव्या हाताला ठेवून, सूर्याच्या गतीने तिच्याभोवती फिरणे. मराठीत आपण याला 'उजवी घालणे' म्हणतो. आणि ही उजवी घालायची पद्धत आयर्लंडमध्ये अजून चालू आहे. या देशात पवित्र मानलेल्या विहिरींची संख्या तीन हजारांच्या आसपास सांगतात. त्यांतल्या पुष्कळ आता झुडपांत हरवल्या आहेत, पण जिथे अजून लोक जातात तिथे विहिरीला फेऱ्या घालतात, आणि त्या देशल घालतात. मोजणी चुकू नये म्हणून काही ठिकाणी प्रत्येक फेरीला एक खडा टाकतात. अश्वत्थाला फेऱ्या घालताना माझी आजी वाती मोजून बाजूला ठेवायची, तसेच हे.

उलट्या दिशेचेही शास्त्र दोन्हीकडे आहे. आपल्याकडे पितृकार्यात अपसव्य करतात. देवाचे आणि पितरांचे काम एका दिशेने होत नाही. इथे उलट फिरणे अशुभ मानत. कोणाला शाप द्यायचा असेल तर ठरावीक दगड डावीकडे फिरवायचा, अशी समजूत होती.

या उलट्या फेरीची एक जुनी कथा आहे. बोअन नावाची देवी होती. ज्ञानाची एक विहीर होती, तिच्याभोवती हेझलची झाडे होती आणि तिच्याजवळ जायला मोजक्यांनाच परवानगी होती. बोअन तिथे गेली आणि विहिरीला तीन फेऱ्या घातल्या, पण डाव्या बाजूने. पाणी उसळले, तिला घेऊन समुद्रापर्यंत धावले, आणि त्या पाण्याची नदी झाली. तीच आजची बॉइन. दुसऱ्या शतकात टॉलेमीने या नदीचे नाव 'बुविंदा' असे नोंदवले आहे. त्याचा अर्थ अभ्यासक 'पांढरी गाय' असा लावतात. आता आपली गोदावरी आठवा. गौतम ऋषी, गाय आणि ब्रह्मगिरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला हजारो लोक रात्रीपासून ब्रह्मगिरीची फेरी घालतात. नदीच्या उगमाला प्रदक्षिणा हवी आणि नदीच्या नावात गाय हवी, हे दोन इतक्या दूरच्या समाजांना सुचले. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे म्हणायला पुरावा नाही, आणि तसे म्हणायची गरजही नाही.

बॉइनचा उगम किल्डेर काउंटीत कारबरी गावाजवळ एका विहिरीत मानतात. 'किल्डेर' म्हणजे 'किल दारा', ओक वृक्षाचे चर्च. त्यातला 'दारा' आणि आपल्या देवदारातला 'दारु' हेही एकाच मुळाचे. संस्कृतात दारु म्हणजे लाकूड. (ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष असू द्या, मंडळी.) याच नदीच्या काठी पुढे न्यूग्रेंज आहे. साधारण इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे गीझाच्या पिरॅमिडपेक्षाही जुने. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून १९ मीटर लांबीच्या बोळातून आत जातो आणि सुमारे १७ मिनिटे गाभाऱ्यात राहतो. प्राध्यापक ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी आत उभे राहून हे पाहिले. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

आता चालण्याकडे येऊ. मेयो काउंटीतला क्रोक पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात, काही जण अनवाणी. वाटेतल्या एका दगडांच्या राशीला ७ फेऱ्या आणि शिखरावरच्या चॅपलला १५ फेऱ्या, असा परिपाठ आहे. संत पॅट्रिकने इथे चाळीस दिवस उपवास केला अशी श्रद्धा आहे. मॉयरा मॅकनील या विदुषीने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात या यात्रेचा संबंध ख्रिस्तपूर्व काळातल्या सुगीच्या सणाशी जोडला. आषाढी वारी पेरणीनंतर, तर ही चढण कापणीच्या तोंडावर. शेतकऱ्याला देवाची आठवण दोन्ही वेळी येते. डोनेगलमध्ये ग्लेनकॉलमकिलला ९ जूनला पंधरा थांब्यांची पायी फेरी असते. तिला 'तुरस' म्हणतात. त्याचा साधा अर्थ प्रवास. आयरिशमध्ये प्रवासाला आणि यात्रेला हा एकच शब्द चालतो. सहल आणि यात्रा यांत भिंत नाही, हे त्या भाषेने मान्य करून टाकले आहे.

एक अनुभव सांगतो. माझी पत्नी गेली त्यानंतरच्या पितृपक्षात मी भारतात जाऊ शकलो नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, कुठेतरी जाऊन येऊ." क्लेअर काउंटीत लिस्कॅनरजवळ, मोहरच्या कड्यांपासून काही मिनिटांवर, संत ब्रिजिटची विहीर आहे. कड्यांकडे जाणाऱ्या बहुतेक बसगाड्या तिथे थांबत नाहीत. एक अरुंद, ओलसर बोळ आहे, आणि त्याच्या दोन्ही भिंती गेलेल्या माणसांच्या फोटोंनी, जपमाळांनी, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी भरलेल्या आहेत. टोकाला पाण्याची बारीक धार. आमच्या पुढे एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पाण्याला हात लावला, कपाळाला लावला आणि बाहेर पडताना माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. मी फोटो ठेवला नाही, मंत्र म्हटला नाही. हात धुतले आणि तिचे नाव घेतले. घाटावर जे करायला जातो, त्यातले किती झाले ते मला सांगता येणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली. मुलीने आजवर आईबद्दल जे विचारले नव्हते, ते परतीच्या वाटेवर गाडीत विचारले.

यावरून 'सगळे देव एकच' असा घाईचा निष्कर्ष मी काढत नाही. ती विहीर त्यांची आहे. तिथे आपण हळद-कुंकू वाहू नये, उदबत्ती लावू नये, नाणी टाकू नयेत. विहिरींजवळच्या झाडांना चिंध्या बांधायची इथे रीत आहे. पूर्वीची सुती चिंधी कुजून जायची, हल्लीची नायलॉनची फीत फांदीला आवळत राहते. नदीत प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य सोडणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. क्रोक पॅट्रिकची वाट लाखो पावलांनी इतकी झिजली की गेल्या काही वर्षांत तिथलेच दगड हाताने रचून ती बांधून घ्यावी लागली. श्रद्धेच्या पायांनीही डोंगर खचतो.

आणि निसर्गावरची भक्ती निसर्ग वाचवतेच, असेही नाही. आठव्या शतकातल्या आयरिश कायद्यात २८ झाडे चार वर्गांत लावली होती. ओक, हेझल, यू ही वरच्या वर्गातली, ती तोडली तर दंड जबर. असा कायदा करणाऱ्या देशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम एक टक्का जमिनीवर जंगल उरले होते. आपल्याकडेही माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा, देवाच्या नावाने राखलेली राने कशी आक्रसत आहेत हे दिसले. मात्र कधी कधी एक झाड वाचते. १९९९ मध्ये क्लेअरमध्ये लॅटून इथे नव्या महामार्गाच्या आड एक हॉथॉर्नचे झुडूप येत होते. लोककथा सांगणारे एडी लेनिहन यांनी आवाज उठवला की हे पऱ्यांचे झाड आहे, तोडू नका. अभियंत्यांनी रस्त्याची आखणी बदलली. मुंजा असलेल्या पिंपळाला हात लावायला आपला कंत्राटदारही दोनदा विचार करतो, हे इथल्या आमच्या अभियंता मंडळींना आठवत असेलच.

आता थोडे जड बोलतो. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आपल्या लोकांवर हल्ले झाले. निर्जन जागी, अवेळी जाणे टाळा, अशी सूचना भारतीय दूतावासाला द्यावी लागली. कित्येक घरांत आई-वडिलांना "एकटे बाहेर पडू नका" असे सांगितले गेले. ही काळजी खरी आहे, तिला हसू नये. पण वर्षभर असेच चालले तर आपली मुले या भूमीला गाडीच्या काचेतूनच ओळखतील, आणि काचेतून पाहिलेली भूमी आपली होत नाही. एकटे नाही जायचे ना, मग चौघे मिळून जाऊ. वारी तरी एकट्याने कोण करतो? दिंडीत माणूस असतो तो सोबतीसाठीच.

म्हणून माझी साधी सूचना. दरवेळी नवे ठिकाण शोधू नका. घरापासून तासाभरात पोहोचता येईल अशी एकच जागा निवडा. एखादी विहीर, तळे, जुना ओक, समुद्राकाठचा खडक. वर्षातून चार वेळा तिथेच जा, म्हणजे चारही ऋतूंत ती दिसेल. गाडी थोडी दूर लावा आणि शेवटचे अंतर चाला. फोन खिशात ठेवा, निदान पहिली पंधरा मिनिटे. जागेचे आयरिश नाव विचारून घ्या, ते नाव बहुधा जमिनीचे वर्णनच असते. तिथे कोणी स्थानिक भेटले तर बोला. विहिरीबद्दल आस्थेने विचारणाऱ्याला सहसा कोणी तोडून बोलत नाही. आणि आजी-आजोबांना 'दाखवायला' नेऊ नका, त्यांनाच मुलांना घेऊन जाऊ द्या. फेरी कशी घालायची हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

मुले विचारतील की उजवीकडूनच का. त्यांना सांगा, घड्याळाचे काटेही त्याच दिशेने फिरतात, कारण घड्याळाच्या आधी सावलीचे यंत्र होते आणि उत्तर गोलार्धात त्याच्या तबकडीवर सावली तशीच फिरते. त्र्यंबकेश्वर उत्तर गोलार्धात आहे, आणि किल्डेरही.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी आम्ही काही जण बॉइनच्या काठाने चालायला जाणार आहोत. अंतर फार नाही, गुडघे माझेही सत्तरी ओलांडलेले आहेत. डब्यात फराळाचे उरलेले घ्या, रेनकोट विसरू नका. नदी आपल्या उजव्या हाताला राहील अशा बाजूने निघू.