पोलिसांचं तोंड, पत्राची शाई

गिरणी कामगार बंधूंनो,

वर्तमानपत्रात ‘पोलिसांनी सांगितले’ असे वाचाल तिथे थांबा आणि विचारा: दुसऱ्या बाजूचं काय?

विलायतेतलीच गोष्ट घ्या. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना बघायला आलेली लिव्हरपूलची माणसं चेंगरली. एकंदर ९७ जीव गेले. बाहेर गर्दी तुंबली तेव्हा फाटक उघडायचा हुकूम पोलिसांचाच. पण वरच्या साहेबाने सांगितलं, लोकांनी फाटक फोडलं! चारच दिवसांनी ‘द सन’ पत्राने ‘सत्य’ असा मथळा ठोकला: म्हणे, लोकांनी मेलेल्यांचे खिसे मारले! ही थाप काही पोलिसांनीच एका वृत्तसंस्थेच्या कानात घातली होती.

असं का होतं? बातमीदाराला रोज बातमी पाहिजे, ती चौकीवर आयती मिळते. पोलिसाला आपली चूक झाकायची असते. दोघांचा सौदा जमतो; गरीब मरतो आणि वर बदनामही होतो.

पण लिव्हरपूलकर गप्प बसले नाहीत. त्यांनी ते पत्र घेणंच सोडलं. मयतांच्या घरच्यांनी २७ वर्षं झुंज दिली. २०१२ साली उघड झालं, १६४ पोलिसी जबान्या बदलल्या होत्या. त्यातल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीचा मजकूर गाळला वा फिरवला होता. २०१६ साली ज्यूरीने निकाल दिला: लोकांचा दोष नाही.

गड्यांनो, पत्र चालतं तुमच्या पैशावर. वस्तीत येऊन जो तुमचीही साक्ष छापतो, त्याचंच पत्र घ्या. बाकीच्यांचे गठ्ठे पडून राहू द्या!