आम्ही ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द विकत घेतला

मागच्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्या सुमारास आमच्या मोहल्ल्यातल्या काही तरुणांनी शिष्यवृत्तीचे अर्ज मोफत भरून देणारं मदत केंद्र सुरू केलं. जागा मिळाली, दोन लॅपटॉप जमले, कॉलेजात शिकणाऱ्या दोघी बहिणी रोज संध्याकाळी बसायला तयार झाल्या. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून जाहिरात माझ्या गळ्यात पडली. सॉफ्टवेअर लिहिणं वेगळं आणि जाहिरात करणं वेगळं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. गप्प बसलो.

हाताशी १५,००० रुपये होते. जकातीचे नव्हते, पण शिक्षकांनी, दुकानदारांनी, एका रिक्षावाल्या चाचांनी विश्वासाने दिलेला चंदा होता. सर्च इंजिनवरच्या जाहिरातीत आपण काही शब्द निवडायचे. कुणी तसं काही शोधलं की त्याच क्षणी लिलाव होतो. आपली बोली आणि जाहिरातीचा दर्जा पाहून जागा ठरते आणि क्लिक झालं की पैसे कापले जातात. मी ‘शिष्यवृत्ती’, ‘स्कॉलरशिप’, ‘ॲडमिशन’ असे शब्द टाकले आणि बाकी सेटिंग होतं तसंच ठेवलं.

रोजचे हजार, म्हणजे पंधरा दिवस पुरतील असा हिशेब होता. पैसे नऊ दिवसांत संपले. ‘रोजची मर्यादा’ ही सरासरी असते; एखाद्या दिवशी दुप्पटही खर्च होऊ शकतो आणि मेळ महिन्याच्या हिशेबात बसवला जातो. ते वाचलं होतं, लक्षात घेतलं नव्हतं. क्लिक अठराशेहून जास्त. जाहिरात पाहून केंद्रावर आलेली मुलं चार.

मग मी लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं होतं त्याची यादी उघडली. ही यादी पहिल्याच संध्याकाळी उघडायची असते. बहुतेक क्लिक पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या पालकांचे निघाले. निकाल कधी, उत्तरसूची कुठे, सरावाच्या प्रश्नपत्रिका मिळतील का. महाराष्ट्रात ‘शिष्यवृत्ती’ म्हटलं की घरात आधी हीच परीक्षा आठवते. माझ्या वेळी ती चौथी-सातवीला असायची आणि मी स्वतः चौथीत तिला बसलो होतो, तरी हे सुचलं नाही! काही क्लिक तर परदेशातून होते. जाहिरात फक्त आपल्या जिल्ह्यात असलेल्यांना दाखवायची की त्या जिल्ह्यात ‘रस असलेल्यांना’ही, हा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

यादी पाहून त्या दोघींपैकी धाकटी म्हणाली, “भाईजान, आपली मुलं हा शब्द टाइप तरी करतात का?” ती करत नाहीत. त्यांची अडचण असते महाडीबीटीवर लॉगिन होत नाही, उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा, आधार बँकेशी जोडलेलं नाही. हे सगळं इंग्रजी लिपीत, निम्मं मराठी, निम्मं हिंदी. मी नेमकी तीच वाक्यं टाकली, तर त्यातल्या बऱ्याच वाक्यांपुढे ‘कमी शोध’ असा शेरा आला आणि त्यांवर जाहिरात फिरलीच नाही. म्हणजे मोठा शब्द घ्यावा तर चंदा दुसऱ्यांच्या गरजेवर जातो. नेमका घ्यावा तर यंत्राला तो इतका छोटा वाटतो की ते विचारातच घेत नाही.

तेव्हा एका मित्राने सुचवलं की केंद्राचं नावच कीवर्ड म्हणून टाक, क्लिक स्वस्त पडतात आणि आकडे देखणे दिसतात. आकडे दिसतात, हे खरं. पण ईबे कंपनीने २०१२ मध्ये काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा त्या जाहिरातींतून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या निकालातून लगेच येऊ लागले. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’त छापून आला. जो आपलं नाव टाइप करतो, तो आपल्याकडेच निघालेला असतो. त्याला दारात गाठून त्याचे पैसे मोजायचे आणि अहवालात ‘इतक्या लोकांपर्यंत पोहोचलो’ असं लिहायचं, हे मला चंदा देणाऱ्यांची फसवणूक वाटते. आपल्या चळवळीतले काही गट असे अहवाल मोठ्या अभिमानाने फिरवतात, म्हणून हे इथे लिहितो आहे.

यंदा जाहिरात अजिबात करू नका, असं मी म्हणत नाही. आम्हीही करणार आहोत, पण ३,००० रुपयांची. ‘निकाल’, ‘उत्तरसूची’, ‘पाचवी’, ‘आठवी’ हे शब्द वगळण्याच्या यादीत टाकले आहेत, जिल्ह्याबाहेरचं सगळं बंद केलं आहे आणि शोधांची यादी रोज रात्री धाकटी तपासणार आहे, मी नाही. उरलेल्या पैशांतून कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि सायबर कॅफेंत पत्रकं लावली आहेत. मागच्या वर्षी केंद्रावर एकूण ६१ मुलं आली होती. कुठून कळलं असं प्रत्येकाला विचारून वहीत लिहून ठेवलं होतं. सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं उत्तर आहे, ‘झेरॉक्सवाल्याने सांगितलं’.