परदेशी नोकरी: मुक्ती की नवी वेठबिगारी?



जव्हारजवळच्या शिरपामाळाचे नाव आपण ऐकले असेल. १६६४ साली सुरतेकडे निघालेले शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत करून त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असे या भागात सांगतात. परमुलखास निघालेल्या माणसाचा सन्मान करणारी ही भूमी होय. परंतु याच जव्हार-मोखाड्यातून दरवर्षी दिवाळीनंतर डोक्यावर बोचके व कडेवर मूल घेऊन जी कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघतात, त्यांच्या शिरावर कोण तुरा खोवतो? त्यांच्या शिरावर असतो तो भट्टीमालकाचा बयाणा. बयाणा घेतला की माणूस बांधला गेला. तो फिटेपर्यंत भट्टी सोडावयाची नाही, मजुरीचा हिशेब विचारावयाचा नाही, आठवड्याच्या खर्चीवर पोट भरावयाचे आणि मुकाट्याने विटा पाडावयाच्या. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवूनच पुढील मजकूर आपण वाचावा, अशी माझी विनंती आहे.

काही महिन्यांपूर्वी याच माळावर नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एक गृहस्थ मला भेटले. त्यांचा मुलगा दहावीत नापास झालेला, पण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंग शिकलेला. त्याला आखाती देशात नोकरी लागली, म्हणून ते आनंदात होते. मुंबईच्या एका दलालाने दीड लाख रुपये घेतले होते. ते शेकडा तीन रुपये मासिक व्याजाने सावकाराकडून काढलेले. “वकीलसाहेब, एवढा इंग्रजी कागद वाचून दाखवा,” असे म्हणून त्यांनी व्हिसा माझ्या हाती दिला. मी तो वाचला. तो नोकरीचा व्हिसा नव्हताच. साठ दिवसांचा पाहुण्याचा परवाना होता. त्यात मालकाचे नाव नाही, पगाराचा आकडा नाही, कामाचा उल्लेख नाही. सावकाराचे कर्ज डोक्यावर घेऊन जव्हारचा वेल्डर परदेशची प्रेक्षणीय स्थळे पाहण्यास निघाला होता! मुलाचा मूळ पासपोर्ट कोठे आहे, असे विचारता तोही दलालाच्याच कपाटात असल्याचे कळले. नोटीस गेल्यावर पासपोर्ट परत आला. पैसे अद्याप आलेले नाहीत. व्याज मात्र दरमहा चढते आहे.

हा दलाल असे का करतो, ते समजून घ्या. जो दहावी उत्तीर्ण नाही, त्याला आखाती देश, मलेशिया वगैरे अठरा देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे सरकारची मंजुरी लागते. त्या मंजुरीसाठी मालकाचा करार दाखवावा लागतो, विमा उतरावा लागतो आणि नोंदणी झालेला दलालच ते काम करू शकतो. त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये व त्यावरील कर इतकी आहे. पाहुण्याच्या परवान्यावर माणूस पाठविला की हे सर्व कुंपण एका उडीत ओलांडता येते. तिकडे पोहोचलेला मुलगा त्या देशाच्या कायद्याने गुन्हेगार ठरतो आणि गुन्हेगार कोणाकडे दाद मागणार? पासपोर्ट अडकवून ठेवण्याबद्दल तर कायदा इतका स्पष्ट आहे की त्यात वादास जागाच नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे पासपोर्ट सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो दलालाला तारण म्हणून ठेवता येत नाही व मालकाला जप्त करता येत नाही.

आता कोणी म्हणेल, कायदा आहे ना, मग रडता कशाला? होय, कायदा आहे. परंतु त्यातील शिक्षा वाचा. बेकायदा भरती करून एखादे घर धुळीस मिळविणाऱ्यास कमाल दोन वर्षे कैद आणि दंड किती, तर दोन हजार रुपयांपर्यंत! दीड लाख लुबाडावे आणि दोन हजार भरावे, या व्यवहारात तोटा कोणाचा? १९८३ चा हा आकडा तसाच ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांना गरिबाच्या मुलाची किंमत केवढी वाटते, हे निराळे सांगावयास नको.

परंतु केवळ दलालास शिव्या देऊन आपले काम भागणार नाही. खरा प्रश्न त्याहून खोल आहे. परदेशी नोकरीचे परवाने पुष्कळ प्रकारचे असतात आणि त्यांतील भेद आपल्या घरात कोणी समजावून सांगत नाही. पगाराचा आकडा ऐकला की आपले डोळे दिपतात. माझे म्हणणे असे की, पगार नंतर विचारा. आधी तीन प्रश्न विचारा. पहिला, या परवान्यावर मालक बदलता येतो काय? दुसरा, नोकरी सुटली तर त्या देशात किती दिवस राहता येते? तिसरा, जाण्याचा खर्च कोणी केला व त्याचे कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तो परवाना आहे की बयाणा आहे, हे कळते.

एकाच जपानचे उदाहरण घ्या. तेथे जाण्यास दोन दरवाजे आहेत. ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ म्हणून जाणाऱ्यास मालक बदलण्याची मुभा नाही. या पद्धतीत इतका जुलूम झाला की २०२४ साली जपानच्या संसदेने ती मोडून २०२७ पासून नवी पद्धत आणण्याचा कायदा केला. दुसरा दरवाजा २०१९ मध्ये उघडलेला ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा. भारताने त्यासाठी २०२१ साली जपानशी करार केला. त्यात परीक्षा द्यावी लागते, भाषा शिकावी लागते. पण त्याच व्यवसायात दुसरा मालक शोधण्याचा हक्क मिळतो. दलाल पहिल्या दरवाजाची वाट सोपी म्हणून दाखवील. सोपी वाट नेहमी महाग पडते.

इंग्लंडचा कुशल कामगार व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वावर टांगलेला असतो. नोकरी गेली की साधारणतः साठ दिवसांत नवा प्रायोजक शोधा, नाही तर देश सोडा. अमेरिकेच्या एच-वन-बी परवान्याचीही गत हीच. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविण्यात आले. जर्मनीने मात्र जून २०२४ पासून ‘संधी-पत्र’ सुरू केले आहे. गुण मोजून दिलेल्या या पत्रावर, खर्चाची सोय दाखविल्यास, वर्षभर तेथे राहून स्वतः नोकरी शोधता येते. मात्र त्यासाठी पदवी किंवा किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यवसायशिक्षण आणि जर्मन अथवा इंग्रजी भाषेचे ज्ञान लागते. पालकांनो, हे नीट ध्यानात घ्या. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. प्रवेशाच्या वेळी एक वर्ष वाचविण्याच्या मोहाने आपण मुलासाठी एक दरवाजा कायमचा बंद करून बसतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. चांगले झाले. परंतु करार मुंबईत होतो आणि भाषेचा वर्ग शहरात भरतो. मोखाड्याच्या पाड्यावरचा मुलगा त्या वर्गापर्यंत पोहोचणार कसा, याचे उत्तर शासनाने दिले पाहिजे.

जे परवाने मालकाच्या मुठीत असतात, त्यांत आपणांस आणखी एक धोका आहे. परदेशी गेले की जात सुटते, अशी आपल्या पुष्कळ तरुणांची भाबडी समजूत आहे. जात समुद्र ओलांडते. २०२० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने एका बड्या कंपनीविरुद्ध दलित अभियंत्याच्या छळाबद्दल फिर्याद केली. २०२३ साली सिअॅटल शहराने जातिभेदास कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक तेथील राज्यपालांनी नामंजूर केले. विचार करा, वरिष्ठ आपल्याच देशातील सवर्ण असेल आणि आपला व्हिसा त्याच्या अहवालावर अवलंबून असेल, तर अपमान झाल्यावर तक्रार करण्याचे धैर्य कितीजणांना होईल? साठ दिवसांची टांगती तलवार हीच तेथे गावकुसाचे काम करते.

आमच्यातील काही सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, “कायद्याचा इतका कीस काढू नका. बाबासाहेब परदेशी गेले म्हणूनच आपला उद्धार झाला. मुलांना जाऊ द्या.” मुलांना जाऊ देऊ नका, असे मी कोठे म्हणतो? पण बाबासाहेबांचे नाव घेता तर त्यांचा इतिहास पुरता वाचा. १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात जाताना त्यांनीही करारावर सही केली होती; परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा तो करार होता. १९१७ साली ते बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही व नोकरी सोडून यावे लागले. करार उच्च शिक्षणाचा होता, देणारा राजा उदार होता, तरी जातीने तो करार नासविला. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर; कोणाच्या नोकरीस बांधून घेऊन नव्हे. ज्याने घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी घातलेली पाहिली, त्या महापुरुषाच्या अनुयायांनी स्वतःच्या हाताने वेठीच्या कागदावर अंगठा उठवावा काय?

आणि वेठ केवळ साखळदंडाची नसते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावयास लावणे हीदेखील वेठच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले. कारण भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच. आपल्या कोकणातली माणसे एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली, तीही करारावरच. त्या कराराला लोक गिरमिट म्हणत. १९१७ साली भारतातून होणारी अशी करारी भरती थांबली. शंभर वर्षांनंतर आपण व्याजाने पैसे काढून तेच गिरमिट विकत घेत आहोत, याहून दुर्दैव कोणते?

तेव्हा प्रत्येक विहारात पुढील गोष्टी ठरवा. व्हिसा व करार जाणकाराकडून मराठीत वाचून घेतल्याशिवाय एक पैसाही द्यावयाचा नाही. दलालाचा नोंदणी क्रमांक सरकारी ई-मायग्रेट यादीत पडताळावयाचा व मिळेल तो प्रत्येक रुपया पावतीवरच द्यावयाचा. पाहुण्याच्या परवान्यावर नोकरीस कोणी जावयाचे नाही. पासपोर्ट कोणाच्या कपाटात ठेवावयाचा नाही. आणि मुलगी असो वा मुलगा, दहावी पुरी केल्यावाचून त्यास कामास लावावयाचे नाही. ज्यांची बुद्धी उच्च शिक्षणाकडे धावते, त्यांच्यासाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांकरिता राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. कर्ज काढण्यापूर्वी तिचा अर्ज भरा.

परदेशी प्रवास करणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला. तो हक्क बजावा, जरूर बजावा. परंतु शिरपामाळावरून परमुलखास निघणाऱ्या आपल्या मुलाच्या शिरावर बयाणा असू नये. हातात स्वतःचा पासपोर्ट, खिशात वाचून सही केलेला करार आणि मालक बदलण्याचा हक्क, एवढे घेऊन जो जाईल, त्याच्याच शिरावर मानाचा तुरा शोभेल.

जयभीम!