उणकलच्या देवळाची चार दारे

आपल्याकडचा रसिक हुबळी-धारवाडकडे वळतो तो बहुधा गाण्याच्या ओढीने. सवाई गंधर्वांचे कुंदगोळ पाहावे (हे गाव पूर्वी जमखंडी संस्थानात होते, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच), धारवाडास एखादी मैफल ऐकावी आणि परतावे, असा रिवाज. हुबळीच्या अंगालाच, उणकल येथे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचे, अकराव्या शतकातील चंद्रमौळेश्वराचे देऊळ उभे आहे. तिकडे पावले क्वचितच वळतात. वळलीच, तर घरांच्या भिंती चुकवीत जावे लागते.

ही घरे हलवावीत काय, हा वाद हुबळीत बरीच वर्षे रेंगाळला आहे. नुसते शोभेचे कारण असते तर मी रहिवाशांच्या बाजूने बोललो असतो. पण या देवळाला चारी दिशांना दारे आहेत. एकाच दाराच्या देवळामागे भिंत आली तर एक वेळ निभावते. येथे मात्र चारी बाजूंनी उजेड आत यावा आणि भाविकाने कोणत्याही दिशेने यावे, ही मूळ कल्पनाच घरांनी अडवली आहे. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपावर कोणी पत्रे घातले तर आपणांस कसे वाटेल?

कायदा आहे. 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती होऊन संरक्षित वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली आणि त्यापुढील 200 मीटरांत परवानगी सक्तीची झाली. जुन्या घराची दुरुस्तीदेखील परवानगीवाचून करता येत नाही. परिणाम असा की, घर वाढत नाही आणि देऊळही मोकळे होत नाही. मुलाचे लग्न ठरले तरी वर खोली चढवता येत नाही; अशा माणसाला देवळाविषयी प्रेम कोठून वाटावे?

दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे मला येथे पट्टदकलचा एक लेख आठवतो. आठव्या शतकातल्या विरूपाक्ष मंदिरात तो कोरलेला आहे. विजयादित्याने गायकांना दिलेले हक्क राणी लोकमहादेवीने कायम केले, असे त्यात नमूद आहे. म्हणजे देवळाच्या दगडावर देवाबरोबर माणसांच्या हक्कांनाही जागा होती, आणि राजा बदलला तरी शब्द बदलला नव्हता.

उणकलकरांनाही तसाच लेखी शब्द हवा. पर्यायी जागा उणकलमध्येच मिळावी, कारण त्यांची शेजारपाजार, दुकाने, मुलांच्या शाळा तेथेच आहेत; आणि मोबदला घर पाडण्याआधी हाती पडावा. सगळी वस्ती एकदम उठवण्याचे कारण नाही. आधी चार दारांसमोरची घरे घ्यावीत. उरलेल्यांचे दुरुस्तीचे अर्ज तोवर अडवून ठेवू नयेत. पुरातत्त्व खात्याचे मंडळ कार्यालय धारवाडातच आहे, तेव्हा अंतराची सबब कोणाला सांगता येणार नाही.