अंदमान जरूर, पण मे महिन्यात नको

हिमायतनगरच्या लेकरांनी पाणी पाहिलेलं असतं ते पैनगंगेचं, नाहीतर सहस्रकुंडच्या धबधब्याचं. त्यामुळे अंदमानचा बेत ठरला की घर डोक्यावर घेतलं जातं. बेत छानच, फक्त मे टाळा. आपल्या शाळांना सुट्टी असते, नेमका तेव्हाच, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, मान्सून तिथं पोचतो. समुद्र खवळला की स्वराजद्वीपच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, बोटी रद्द होतात आणि लेकरं खोलीत कोंडली जातात. त्यापेक्षा नाताळच्या आसपासचे दिवस बरे. हैदराबादहून विमान मिळतं. हिवाळ्यात अंदमानात संध्याकाळी पाच-साडेपाचलाच अंधारतं. म्हणून पहाटेच बाहेर पडावं.

सावरकरांना १९११ मध्ये जिथं डांबलं, ते सेल्युलर जेल मोठ्या मुलांना दाखवायलाच हवं. पण चार वर्षांच्या पोराला कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा कोलू काय कळणार? त्याला स्वराजद्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर वाळूत लोळू द्या. चार दिवसांत पाच बेटं उरकणाऱ्या सहली आम्हाला तरी पटत नाहीत. मगरीची पाटी दिसली तिथं मात्र पाण्यात पाऊल नको. आणि हो, दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या.