नवी गाडी : लगेच घ्यावी की थांबावे?

मुंबई / प्रतिनिधी

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खर्चात घराखालोखाल मोठा खर्च असतो तो गाडीचा. पाच ते सात वर्षांचे कर्ज, दरवर्षीचा विमा आणि रोजचे इंधन असा हा व्यवहार असतो. तरीही नवे मॉडेल बाजारात आले की हा निर्णय अनेकदा काही मिनिटांत घेतला जातो. ३० जुलै २०२२ रोजी महिंद्रच्या 'स्कॉर्पिओ-एन'ची नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात १ लाख मागण्या नोंदविल्या गेल्या. याच कंपनीच्या 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या विद्युत मोटारींसाठी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एका दिवसात ३० हजारांहून अधिक ग्राहक पुढे आले. तिन्ही गाड्या पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यातल्या.

अशा आकड्यांच्या बातम्या झळकल्या की घराघरांत एकच प्रश्न चर्चेला येतो : आताच नोंदणी करावी, की वर्षभर थांबावे? 'नवी गाडी पहिल्या वर्षी घेऊ नये', हा जाणकारांचा जुना सल्ला. 'थांबलात तर किंमत वाढेल', हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर. गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहिला तर या दोन्ही विधानांत तथ्य आहे; मात्र त्यांपैकी कोणतेही सरसकट लागू पडत नाही. थांबल्याने नेमकी कोणती अनिश्चितता दूर होणार आहे आणि थांबण्याच्या काळात खिशातून किती जाणार आहे, या दोन गोष्टींचा हिशेब केल्याखेरीज निर्णय योग्य ठरत नाही.

प्रारंभिक किमतीचा मोह

नव्या मॉडेलच्या किमतीपुढे हल्ली 'प्रारंभिक' हा शब्द हमखास असतो. 'स्कॉर्पिओ-एन'ची प्रारंभिक किंमत पहिल्या २५ हजार नोंदणींपुरतीच होती, म्हणजे ती पहिल्या मिनिटातच संपली. त्यानंतर नोंदणी करणाऱ्यांना गाडी हाती येईल त्या वेळची किंमत लागू होणार होती. डिसेंबर २०२२ पर्यंत २० हजारांहून थोड्या अधिक गाड्या देण्याचे कंपनीचे नियोजन होते. एक लाख मागण्यांसमोर हा आकडा ठेवला की बहुसंख्य ग्राहकांनी त्या अर्ध्या तासात गाडी नव्हे, तर रांगेतील जागा घेतली होती, हे स्पष्ट होते.

म्हणूनच नोंदणीच्या विक्रमी आकड्याकडे गाडीच्या दर्जाचे प्रमाणपत्र म्हणून पाहता येत नाही. तो आकडा उत्सुकता दाखवितो. शिवाय नोंदणीची रक्कम बहुधा परत मिळणारी असल्याने एकच ग्राहक दोन-तीन ठिकाणी नाव लावून ठेवू शकतो. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. किंमत नोंदणीच्या दिवसाची की ताब्याच्या दिवसाची? नोंदणी रद्द केल्यास पूर्ण रक्कम मिळणार का? हव्या असलेल्या प्रकारची गाडी कोणत्या महिन्यात मिळेल? ही उत्तरे लेखी मिळत असतील आणि प्रारंभिक किंमत खरोखर हाती पडणार असेल, तरच घाईला अर्थ आहे.

जाहिरातीतील किंमत शोरूमपर्यंतची असते, हेही विसरून चालत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या पेट्रोल मोटारीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी वाहन कर पडतो. डिझेलवर तो आणखी दोन टक्क्यांनी जास्त आहे. म्हणजे १२ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर विमा सोडूनही सुमारे १ लाख ४४ हजार रुपये वाढतात. प्रारंभिक किमतीत वाचणारे वीस-पंचवीस हजार या एकूण रकमेच्या तुलनेत पाहिले पाहिजेत.

पहिल्या तुकडीचा धोका

पहिल्या वर्षी गाडी न घेण्याचा सल्ला निराधार नाही. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांनी 'इंडिका' सादर केली, तेव्हा आठवडाभरात १ लाख १५ हजारांच्या आसपास मागण्या आल्या होत्या. देशी बनावटीच्या त्या मोटारीचे अप्रूप मोठे होते. पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही पुष्कळ आल्या. कंपनीने दुरुस्त्या करून २००१ मध्ये 'व्ही-२' आणली आणि 'इंडिका'चा खरा जम बसला तो त्यानंतर. दोन वर्षे थांबलेल्यांना त्याच नावाची, पण अधिक भरवशाची गाडी मिळाली.

विद्युत स्कूटरच्या बाबतीत हाच अनुभव अधिक गंभीर स्वरूपात आला. जुलै २०२१ मध्ये अवघ्या ४९९ रुपयांत 'ओला' स्कूटरची नोंदणी सुरू झाली आणि २४ तासांत लाखभर ग्राहकांनी ती केली. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात या कंपनीच्या एका स्कूटरने पेट घेतला. त्यानंतर एप्रिलमध्ये त्या तुकडीतील १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. त्या उन्हाळ्यात इतर काही कंपन्यांच्या स्कूटरनाही आगी लागल्या. परिणामी केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतर तयार झालेली स्कूटर घेणाऱ्याला अधिक कठोर चाचण्यांतून गेलेली बॅटरी मिळाली. येथे थांबण्याचा लाभ पैशांत मोजण्यासारखा नव्हता.

तथापि, दोष केवळ नव्या गाडीतच निघतात, हा समज चुकीचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये महिंद्रने क्लचजवळील एका रबरी भागाच्या तपासणीसाठी सुमारे १९ हजार मोटारी परत बोलावल्या. त्यांत पाच महिन्यांपूर्वी आलेली 'स्कॉर्पिओ-एन' होती, तशीच वर्षभराहून जुनी 'एक्सयूव्ही ७००'ही होती. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगच्या नियंत्रकासाठी १७,३६२ मोटारी बोलावल्या. त्यांत नवी 'ग्रँड विटारा' होती आणि अनेक वर्षे रस्त्यावर असलेली 'इको'सुद्धा. सुट्या भागाची एखादी तुकडी सदोष निघाली तर ती जुन्या-नव्याचा भेद करीत नाही. एप्रिल २०२१ पासून वाहने परत बोलावण्यासंबंधीचे नियम लागू आहेत आणि सरकारने आदेश देऊन गाड्या परत बोलवाव्या लागल्या तर कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोष उघड होऊन तो विनामूल्य दुरुस्त होण्याची शक्यता त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढली आहे.

पहिल्या वर्षभरात खरोखर उलगडतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात. नवे इंजिन, नवी गिअर यंत्रणा किंवा नवी बॅटरी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात कशी टिकते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, सेवा केंद्रातील कारागिरांना त्या गाडीची माहिती आहे का, पडद्यावर चालणाऱ्या यंत्रणा मध्येच बंद पडतात का, हे कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही. मात्र कंपनीने जुनेच इंजिन आणि जुनाच सांगाडा नव्या रूपात आणला असेल, तर वर्षभर थांबून फारसे नवे काही कळण्याची शक्यता नसते. म्हणून 'मॉडेल नवे आहे का' यापेक्षा 'गाडीत नवे काय आहे' हा प्रश्न आधी विचारायला हवा.

सुरक्षिततेच्या मूल्यांकनाचेही तसेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही मोटारींच्या अपघात चाचणीची देशी योजना लागू झाली. त्यात सहभाग ऐच्छिक असल्याने प्रत्येक नव्या गाडीचा निकाल अनावरणाच्या दिवशी हाती असेलच असे नाही. ज्या कुटुंबासाठी ही बाब निर्णायक आहे, त्याने निकालापर्यंत थांबणे रास्त ठरते. 

करांचे दुधारी गणित

थांबण्याचा सर्वांत ठळक फायदा अलीकडे दिसला तो २०२५ मध्ये. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वस्तू व सेवा करातील सुधारणांची घोषणा केली. ३ सप्टेंबरला परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींवरील कर अनुक्रमे २९ आणि ३१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. मोठ्या मोटारींवर उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जाणारा भार ४० टक्क्यांवर स्थिरावला. टाटा, महिंद्र आणि मारुती यांनी काही लहान मोटारींच्या किमती सव्वा ते दीड लाख रुपयांपर्यंत उतरविल्या. ऑगस्टअखेर गणेशोत्सवाच्या मुहूर्तावर गाडी घरी आणणाऱ्यांना जुना दर भरावा लागला. दसऱ्यापर्यंत थांबलेल्यांचे पैसे वाचले.

हाच हिशेब उलटाही पडतो. विद्युत दुचाकींना 'फेम-२' योजनेत जून २०२१ पासून बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे १५ हजार रुपये अनुदान मिळत होते आणि कारखान्यातील किमतीच्या ४० टक्के ही त्याची मर्यादा होती. १ जून २०२३ पासून अनुदान १० हजारांवर आणि मर्यादा १५ टक्क्यांवर आली. 'स्कूटर स्वस्त होईल' म्हणून मे महिना जाऊ देणाऱ्यांना जूनमध्ये तीच स्कूटर कित्येक हजार रुपये जास्त देऊन घ्यावी लागली.

दोन्ही वेळी तारीख आधी जाहीर झाली होती, ही यातील महत्त्वाची बाब. करबदलाची तारीख ठरलेली असेल तर तिच्याकडे पाहून थांबणे किंवा घाई करणे, दोन्ही शहाणपणाचे ठरते. केवळ अंदाजावर, 'पुढच्या अर्थसंकल्पात काहीतरी होईल' म्हणून वर्ष घालविणे हा मात्र जुगार आहे.

विद्युत मोटारीसाठी किती थांबावे?

आजच्या ग्राहकाला सर्वांत जास्त अडवून ठेवणारा प्रश्न विद्युत मोटारीचा आहे. बॅटरी स्वस्त होत आहे, एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर वाढत आहे. मग आजची गाडी उद्या जुनी ठरणार नाही का? ही भीती अनाठायी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी 'नेक्सॉन'च्या विद्युत मोटारीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत, तर 'टियागो'ची ७० हजारांपर्यंत कमी केली. आदल्याच महिन्यात गाडी घेणाऱ्यांना ती बातमी जिव्हारी लागली असणार.

परंतु थांबण्यालाही खर्च आहे, आणि तो रोजच्या धावेवर अवलंबून असतो. उदाहरणादाखल, पेट्रोल शंभर रुपये लिटर, पेट्रोल मोटारीची धाव लिटरला १५ किलोमीटर, विद्युत मोटारीची युनिटला ७ किलोमीटर आणि घरच्या विजेचा दर १० रुपये युनिट असे धरू. महिन्याला एक हजार किलोमीटर गाडी चालविणाऱ्याला पेट्रोलसाठी सुमारे ६,७०० रुपये लागतात, विजेसाठी सुमारे १,४०० रुपये. फरक वर्षाला जवळपास ६३ हजारांचा. अशा ग्राहकाने लाख-सव्वा लाखाच्या संभाव्य घटीसाठी दोन वर्षे थांबायचे, तर तितकीच रक्कम तो पेट्रोल पंपावर घालवून बसतो. याउलट, महिन्याला तीनशे किलोमीटरच चालविणाऱ्याची वार्षिक बचत १९ हजारांच्या घरात जाते. त्याने थांबलेलेच बरे; त्याची सध्याची गाडी ठीक असेल तर अधिकच.

या गणिताला एक अट आहे, ती म्हणजे घरच्या चार्जिंगची. मुंबई-पुण्यातील अनेक गृहनिर्माण संस्थांत पार्किंगच्या जागेवर स्वतंत्र वीजजोडणी मिळविणे सोपे नाही. सार्वजनिक केंद्रावरील दर घरच्या दरापेक्षा चढा असतो आणि वेळही जातो. त्यामुळे शोरूममध्ये जाण्याआधी संस्थेच्या कार्यालयात जाणे गरजेचे आहे. तेथे परवानगी मिळत नसेल, तर कोणतेही नवे मॉडेल सध्या उपयोगाचे नाही.

निर्णय कोणी, कधी घ्यावा?

या सर्वांचा मथितार्थ असा, की गाडी बंद पडली आहे किंवा दुरुस्तीचा खर्च हप्त्याच्या घरात गेला आहे, अशा कुटुंबाला वर्षभराची प्रतीक्षा परवडत नाही. त्याने बाजारात दोन-तीन वर्षे स्थिरावलेले मॉडेल घ्यावे. नवे मॉडेल येण्याच्या सुमारास जुन्यावर मिळणारी सवलत हा त्याच्यासाठी लाभच आहे. मात्र गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली हे तपासले पाहिजे आणि ती आठ-दहा वर्षे वापरण्याची तयारी हवी. कारण दोन-तीन वर्षांत विकायची झाल्यास बंद झालेल्या मॉडेलला भाव मिळत नाही.

ज्याच्या दारात चालती गाडी आहे, त्याच्यासाठी थांबणे स्वस्त आहे. नव्या मॉडेलमध्ये यंत्रणा खरोखरच नवी असेल, तर त्याने किमान एक पावसाळा जाऊ द्यावा, सुरक्षितता चाचणीचा निकाल पाहावा आणि सेवा केंद्रात जाऊन त्या गाडीच्या मालकांशी बोलावे. मात्र प्रतीक्षेला मुदत हवी. दर सहा महिन्यांनी एखादे नवे मॉडेल येतच राहणार आणि प्रत्येकाची वाट पाहणाऱ्याच्या हाती कोणतेच लागणार नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी पाडवा हे साडेतीन मुहूर्त दरवर्षी येतात. या वर्षीचा एखादा हुकला म्हणून काही बिघडत नाही. मुहूर्त गाठण्यासाठी अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या गाडीचे हप्ते मात्र सात वर्षे भरावे लागतात.