हिशेब कोण मागणार?

आमच्या समाजात अलीकडे एक मत फार प्रतिष्ठित होऊ पाहत आहे. नगरसेवक नव्हते तेव्हा कामे भराभर होत होती. सभागृह म्हणजे केवळ गोंधळ आणि टक्केवारी. आयुक्तांच्या एका सहीने रस्ता होत असेल तर लोकप्रतिनिधींचा खटाटोप हवा कशाला, असे हे मत आहे. सुशिक्षित, दर रविवारी मिस्साला येणारी माणसे ते निःसंकोच बोलून दाखवतात. आम्हांला हे मत चुकीचे वाटते, धोक्याचे वाटते, आणि ख्रिस्ती माणसाला ते शोभत नाही असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. वसई-विरार महानगरपालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली, बृहन्मुंबईची मार्च २०२२ मध्ये. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकेला पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी पुढील निवडणूक झालीच पाहिजे, असा दंडक घालून दिला. तरीही आरक्षणाचे व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले, आणि मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मुंबई जवळजवळ चार वर्षे, तर वसई साडेपाच वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली.

या काळात खर्च थांबला नव्हता. मुंबईचे २०२३-२४ चे अंदाजपत्रक ५२ हजार कोटींच्या वर होते. २०२५-२६ चे ७४ हजार कोटींच्या पलीकडे गेले. रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाच्या पहिल्याच टप्प्यात सुमारे ४०० किलोमीटर रस्ते आणि सुमारे ६ हजार कोटी रुपये गुंतले. दक्षिण मुंबईतील कामाचे कंत्राट २०२३ मध्ये रद्दही करावे लागले. इतका पैसा मंजूर होत असताना त्याच्या बाजूने वा विरुद्ध हात वर करणारा एकही निवडून आलेला सभासद नव्हता. आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारी आणि तो मंजूर करणारी यंत्रणा एकच होती. यालाच आम्ही वेगवान कारभार म्हणायचे काय?

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे शहराचे पहिले म्युनिसिपल आयुक्त झाले. ते कर्तबगार होते. त्यांनी रस्ते सुधारले, शहराच्या स्वच्छतेकडे लक्ष दिले, आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखला जाणारा बाजार उभारला. परंतु खर्चाला धरबंध राहिला नाही, आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका मननीय आहे. त्यांनी क्रॉफर्ड यांना शिव्याशाप दिले नाहीत. दोष माणसाचा नसून पद्धतीचा आहे, आयुक्ताला काम करू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेची देखरेख ठेवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे महामंडळ स्थापन झाले आणि त्यातील निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. परकीय राजवटीत आमच्या पूर्वजांनी भांडून मिळवलेला हा हक्क स्वतंत्र भारतात आम्ही सोयीखातर सोडून द्यायला निघालो आहोत.

नगरसेवक भ्रष्ट असतात, हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. पुष्कळ ठिकाणी तो खरा आहे. परंतु भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते; प्रशासकाची बदली होते, आणि ती आपल्या मतावर होत नाही. शिवाय रस्त्याचे प्रश्न कागदावर उमटत नाहीत. मंजुरीच्या टिपणीत लांबी, रुंदी आणि रक्कम असते. नवा रस्ता आपल्या उंबरठ्यापेक्षा वीतभर उंच झाला आणि पहिल्याच पावसात पाणी घरात शिरले, हे तेथे राहणाऱ्यालाच कळते. पदपथ इतका अरुंद झाला की काठी टेकत चर्चला येणाऱ्या आजीला गाड्यांमधून चालावे लागते, हेही तिलाच कळते. तिचे म्हणणे नाव घेऊन सभागृहात मांडणारे कोणी नसेल, तर ते म्हणणे तिच्या उंबऱ्यातच विरते.

धर्मगुरूंनी गटारे आणि निविदा यांत पडू नये, असे सुचवणारेही आहेत. त्यांना आम्ही नहेम्याचे स्मरण देतो. यरुशलेमचा तट बांधताना त्याने अनेकांना आपापल्या घरासमोरचा भाग दिला, आणि अधिपती असूनही त्या पदाचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच बोजा होता. सार्वजनिक बांधकाम आणि सार्वजनिक पैसा यांविषयी पवित्र शास्त्र मूक नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात सांगितले की, जे काम खालच्या, जवळच्या समूहाला करता येते ते वरच्या सत्तेने हिरावून घेणे अन्यायाचे आहे. गल्लीतल्या रस्त्याला हे तत्त्व लागू पडत नसेल तर ते कोठे लागू पडणार?

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. रस्तारुंदीत आपल्या क्रुसाला किंवा दफनभूमीच्या भिंतीला धक्का लागणार असे कळले की आपल्या धर्मग्रामात सह्यांची मोहीम निघते, सभा भरतात, मोर्चाही निघतो. ते योग्यच आहे. पण शेजारच्या वस्तीतील गटार चार पावसाळे उघडे राहते, तेव्हा आपण वर्तमानपत्राचे पान उलटतो. क्रुसावरच्या प्रभूचे रक्षण करायचे आणि गटाराकाठी राहणाऱ्या प्रभूकडे पाठ फिरवायची, ही कसली भक्ती?

लूकच्या शुभवर्तमानात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून हिशेब मागतो. नगराच्या कारभारात धनी आपण आहोत, आणि धनीच झोपला तर कारभाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. नवी सभागृहे आता निवडून आली आहेत. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या प्रभागातील नगरसेवकांना बोलवावे. मत मागायला आले तेव्हा हार घातला असेल, आता प्रश्न विचारावेत. कोणत्या रस्त्याला किती पैसा, कोणत्या ठरावाने? कंत्राटदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षे? नवा रस्ता केबलसाठी पुन्हा खोदला तर भरपाई कोण करणार? उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. आणि हे प्रश्न केवळ चर्चसमोरच्या रस्त्यापुरते नसावेत. ज्या गल्लीत आपले एकही घर नाही, तिथल्या रस्त्याचा हिशेब आपण मागू, तेव्हाच आपण नागरिक आहोत असे म्हणता येईल.